खालच्या ट्रेमधले सात कागद

“पतंगेबाई! अहो, हे काय लावलंय तुमच्या मशीननं?”

पिसाळसाहेब ओरडले की ऑफिसच्या खिडक्यांची तावदानं वाजायची. प्रिंटर नीट चालत असला की तो आपला असायचा आणि बिघडला की तुमचा. मी चहाची बशी टेबलावर ठेवली आणि सावकाश उठले. ओरडण्याला मी कधीच भ्याले नाही. माझ्या सासूबाई साहेबांच्या दुप्पट ओरडायच्या, तेही पहाटे पाचला.

साहेबांच्या हातात प्रिंटरमधून नुकताच निघालेला कागद होता. अजून गरम. पुढच्या बाजूला ‘शिक्षणसेवक, विज्ञान : उमेदवारांची गुणानुक्रमे यादी’ असं ठळक अक्षरात होतं. त्यांनी कागद उलटा करून माझ्या नाकासमोर धरला. मागं सहलीची सूचना होती. विद्यार्थ्यांनी डबा, पाण्याची बाटली आणि पालकांचे संमतीपत्र आणावे.

“चार वाजता कार्यकारिणी बसणार. अध्यक्षांच्या पुढ्यात हे ठेवू? डबा आणि पाण्याची बाटली?”

“वरच्या ट्रेमध्ये कोरे कागद भरलेत साहेब. हा खालच्यातून ओढतोय.”

“ते मला दिसतंय हो! का ओढतोय?”

“बघते ना.”

“बघते नाही, करा. सव्वातीन झालेत. सात प्रती पाहिजेत, स्वच्छ. मी मेंबरांना फोन लावतो.” आणि चपला फटफटवत ते आपल्या केबिनमध्ये गेले.

ही गोष्ट २००६ च्या जूनमधली. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या संस्थेची दोन हायस्कुलं होती, आणि दोन्हींचा कागदपत्राचा कारभार एका लांब खोलीत चालायचा. मी तिथं सीनियर क्लार्क, शैलजा पतंगे. पिसाळसाहेब संस्थेचे सेक्रेटरी. माणूस कामाला वाघ, पण चिक्कू असा की टाचण्यासुद्धा मोजून द्यायचे. दोन ट्रेचा नवा लेसर प्रिंटर आला त्या दिवशीच त्यांनी परिपत्रक काढलं होतं : एका बाजूनं छापलेला कुठलाही पाठकोरा कागद फाडू अगर टाकू नये. संध्याकाळी पाचला ते स्वतः प्रत्येक टेबलावरनं पाठकोरे गोळा करायचे, टेबलावर आपटून कडा जुळवायचे आणि खालच्या ट्रेमध्ये आपल्या हातानं रचायचे. कच्चं काम खालच्या ट्रेमधून, पक्कं वरच्या ट्रेमधून. आम्ही मागं हसायचो, पण नियम पाळायचो.

मी कॉम्प्युटरसमोर बसले तोच दारात शर्मिला काटकर दिसली.

“बाई, मीटिंग आजच आहे ना?”

“आजच. तू इथं काय करतेस? शनिवार ना, शाळा सकाळची.”

“घरी करमंना. व्हरांड्यात बसू का? कुणाला त्रास नाही देणार.”

“बस की. व्हरांडा काय माझ्या बापाचा आहे?”

ती हसली, पण हसणं ओठाच्या पुढं गेलं नाही. शर्मिला आमच्याच शाळेत चार वर्षं तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवत होती. म्हणजे जेवढे तास, तेवढीच मास्तरीण. दिवाळीत नाही, मे महिन्यात नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये आभार आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज. यंदा पक्की जागा निघाली होती, एकच. आणि पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला शर्मिला वयाच्या अटीतून बाद होत होती. त्यानंतर तिनं कितीही चांगलं शिकवलं तरी कुठल्याच शाळेचं दार तिला उघडणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि पिसाळसाहेबांना तर तारखेसकट ठाऊक होतं.

आता त्या यादीबद्दल सांगायला पाहिजे.

मंगळवारी मुलाखती झाल्या. प्रत्येक उमेदवारानं नववीच्या वर्गावर पाठ घेतला. गुण देणारे तिघं : पिसाळसाहेब, हेडमास्तर घोरपडेसर आणि बाहेरून आलेले एक विषयतज्ज्ञ. बुधवारी साडेअकराला साहेबांनी गुणपत्रकं हातात धरून मला आकडे वाचून दाखवले आणि मी टाइप केले. काटकर शर्मिला, एक्याऐंशी, पहिली. सात मेंबर म्हणून सात प्रती काढून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. मनात म्हटलं, झालं बाई पोरीचं सोनं.

गुरुवारी दुपारी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, यादीत थोडी दुरुस्ती आहे. तज्ज्ञांचा फोन आला होता. त्याच फाइलमध्ये करून टाका.”

दुरुस्ती अशी की विक्रांत निंबाळकर अठ्ठावन्नावरून चौऱ्याऐंशीवर चढला आणि शर्मिला एकाहत्तरवर आली. विक्रांत साहेबांच्या बायकोचा सख्खा भाचा. मी आकडे बदलले. फाइल तीच, त्यामुळं जुनी यादी पुसली गेली. साहेब म्हणाले, “शनिवारच्या मीटिंगला सहावा विषय तुमच्या हेडक्लार्कच्या बढतीचा घेतलाय बरं का. अकरा वर्षं झाली तुम्हाला. माझं लक्ष असतं.”

मी “बरं” म्हटलं. खोटं कशाला सांगू, गुरुवारी मी फक्त “बरं” म्हटलं. घरी गेले, भाकरी थापल्या आणि एक भाकरीसुद्धा धड फुगली नाही. काय बोलणार होते मी? पुरावा काय? मूळ गुणपत्रकं साहेबांच्या कपाटात, जुनी यादी पुसलेली, आणि मी कोण तर टाइप करणारी बाई. स्वतःला असं समजावलं आणि शुक्रवारी पुन्हा कामाला आले. पण शर्मिला जिन्यात भेटली की मी पायऱ्या मोजल्यासारखी खाली बघायची.

तर शनिवार, सव्वातीन. प्रिंटरशी माझी झटापट सुरू झाली.

मी आधी कॉम्प्युटरवर कागदाची सेटिंग उघडली. तिथं ‘आपोआप निवड’ असं होतं, म्हणजे कुठल्या ट्रेमधून घ्यायचं ते मशीननंच ठरवायचं. मी वरचा ट्रे निवडला आणि पुन्हा प्रिंट दिली. कागद आलाच नाही. प्रिंटरवरचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागला आणि चिमुकल्या पट्टीवर इंग्रजीत आलं की वरच्या ट्रेमध्ये ए-फोर भरा.

“अरे भरलाय की!” मी प्रिंटरला म्हटलं. “डोळे फुटले का तुझे?”

शिपाई रंगरावमामा स्टुलावर बसून फायलींना नाड्या बांधत होते. ते म्हणाले, “बाई, बंद करून चालू करा. आमच्या टीव्हीला मी तसंच करतो.”

बंद करून चालू केला. तेच. वरचा ट्रे बाहेर ओढला तेव्हा उलगडलं. शुक्रवारी आम्ही हजेरीपटाचे लांब तक्ते काढले होते, लीगल कागदावर. कागद बदलून ए-फोर भरले, पण आतली सरकपट्टी लीगलच्याच खुणेवर राहिली होती, आणि कॉम्प्युटरमध्येही वरच्या ट्रेपुढं लीगलच लिहिलेलं होतं. मशीनला वाटत होतं वर लांब कागद आहेत. यादी ए-फोरची, म्हणून ते इमानदारीत ए-फोर शोधत खाली जात होतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मला बरं वाटलं. रोग कळला की मला नेहमीच बरं वाटतं.

सरकपट्टी मी खुणेवर आणून कटकन बसवली. कॉम्प्युटरमध्ये लीगल काढून ए-फोर केलं. आता एक बटण दाबायचं आणि सात प्रती. पण म्हटलं, हे मशीन पुन्हा डोकं चालवायला नको, मीटिंग होईपर्यंत खालचा ट्रे रिकामाच करून ठेवावा. म्हणून खालचा ट्रे ओढला आणि पाठकोऱ्यांचा गठ्ठा उचलला.

वरती सहलीच्या चार-पाच सूचना. त्यांच्याखाली, कडा कशा अगदी जुळवून रचलेल्या, बुधवारच्या सात याद्या. काटकर शर्मिला, एक्याऐंशी.

मी तशीच उभी राहिले. साहेबांनी त्या फाडल्या असतील, जाळल्या असतील असं मी धरून चालले होते. पण एका बाजूनं कोरे असलेले सात चांगले कागद फाडणं त्या माणसाच्या हातून होणं शक्यच नव्हतं. स्वतःचं परिपत्रक त्यांनी पाळलं होतं.

“काय झालं बाई? उंदीर हाय काय आत?”

“नाही मामा. कागदच आहेत.”

घड्याळात तीन पस्तीस झाले होते. एक यादी उचलून अध्यक्षांकडं धावत जावं? साहेब म्हणणार, बाईंनी स्वतःच टाइप केलीय, कुणी सांगावं केव्हा केली. आणि तो एक कागद त्यांच्या हातात गेला की पुन्हा दिसायचा नाही. सात माणसांच्या हातात एकाच वेळी सात कागद असले तर ते कोण कुणाच्या हातातून काढून घेणार? मी खुर्चीवर बसले. पदर खोचला. आणि कीबोर्ड पुढं ओढला.

पावणेचार वाजायला आले तेव्हा साहेब केबिनमधून बाहेर आले. मी सातही फोल्डर लावून, रंगरावमामांकडून नाड्या बांधून टेबलावर ओळीनं मांडले होते. वर विषयपत्रिका, मग मागच्या सभेचं इतिवृत्त, मग यादी.

“झालं?”

“झालं साहेब.”

“काय होतं?”

“ट्रेची सेटिंग होती. आता बरोबर ट्रेमधून येतंय.”

“शाब्बास! म्हणून म्हणतो, हेडक्लार्क तुम्हीच पाहिजेत.” त्यांनी वरच्या फोल्डरवर थाप मारली आणि मेंबरांना घ्यायला फाटकाकडं गेले.

चारला सभा बसली. इतिवृत्त लिहायला मी कोपऱ्यातल्या टेबलाशी. अध्यक्ष होते रतिलाल दोशी, सगळं गाव त्यांना दोशीकाका म्हणायचं. वय पंच्याहत्तर, जन्म कापडाच्या दुकानात गेलेला. त्यांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. काहीही हातात आलं की आधी उलटं करून बघायचं. साडीचा पदर, लग्नाची पत्रिका, चहाची बशीसुद्धा. वीण मागच्या बाजूला कळते म्हणायचे.

पहिले तीन विषय पटापट झाले. चौथ्याला साहेब उठले. “शिक्षणसेवकाची निवड. निवड समितीनं निःपक्षपातीपणे गुण दिलेले आहेत. पहिला क्रमांक निंबाळकर विक्रांत. यादी आपल्यासमोर आहे. मंजुरी द्यावी.”

“मंजूर, मंजूर,” दोन मेंबर सवयीनं म्हणाले. एकाचं लक्ष भजी कधी येतात तिकडं होतं.

दोशीकाकांनी चष्मा नाकावर सरकवला, यादी वाचली आणि कागद उलटा केला. बराच वेळ बघत राहिले.

“पिसाळ, हे मागं काय हाय?”

“मागं? मागं कोरं असणार काका.”

“कोरं न्हाई. मागं पण यादीच हाय. हितं काटकरबाई पहिली हाय, एक्याऐंशी. आणि तुमचा निंबाळकर अठ्ठावन्न.”

मग सगळ्यांनीच कागद उलटे केले. सात कागदांची सळसळ मला अजून ऐकू येते. साहेबांनी आपल्या फोल्डरमधला कागद उलटला आणि त्यांच्या मानेवर लाली चढली. पण गडी पक्का. तीन सेकंदांत हसले.

“अरेच्चा! पाठकोरे कागद आले की हो. ही कच्ची यादी होती, आकडे नुसते नमुन्याला घातलेले. मशीनचा घोळ आहे. दुपारपासून त्रास देतंय.” ते माझ्याकडं वळले. “काय पतंगेबाई? मशीन बिघडलं होतं ना? आत्ता तुम्हीच दुरुस्त करत होता. सांगा की अध्यक्षांना.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. साहेबांनी मला दार उघडून दिलं होतं. “हो साहेब, मशीनचाच घोळ” एवढं म्हटलं की मी सुटत होते. कागद गोळा झाले असते, नव्या प्रती निघाल्या असत्या, दोन विषयांनंतर माझं नाव आलं असतं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता हो, खात्री होती. अकरा वर्षं आपल्या हाताखाली असलेली बाई, आपलंच म्हणणार अशी खात्री. त्या खात्रीचाच मला राग आला.

मी उठून उभी राहिले.

“नाही साहेब. प्रिंटर ठणठणीत आहे. बिघाड होता तो मी पाऊण तासापूर्वीच काढला.”

“मग हे पाठकोऱ्यावर कसं आलं?”

“मी काढलं. बुधवारच्या सातही याद्या खालच्या ट्रेमध्ये होत्या. कॉम्प्युटरवर मी खालचा ट्रे निवडला आणि त्यांच्याच पाठीवर ही यादी छापली. मुद्दाम.”

“काय बोलताय कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय. आकडे नमुन्याचे नाहीत. बुधवारी साडेअकराला तुम्ही गुणपत्रकं हातात धरून ते वाचलेत. गुरुवारी तुम्ही ते बदलायला सांगितलंत आणि मी बदलले. त्यात माझीही चूक आहे, ती मी लिहून देते.”

“अहो, ही बाई...” साहेब अध्यक्षांकडं वळले. “ही काटकर तिच्या बसण्याउठण्यातली. दुपारपासून इथंच व्हरांड्यात बसलीय. आता लक्षात येतंय का?”

दोशीकाका हात वर करून म्हणाले, “पिसाळ, बसा. मूळ गुणपत्रकं कुठं हायत?”

“कपाटात. पण किल्ली घरी राहिलीय.”

“राहू द्या. घोरपडेसर हितं हायत की. सर, तुम्ही पण गुण दिलंत. पुढचं आकडे तुमच्यापुढं ठरलं, का मागचं?”

हेडमास्तर घोरपडे तसे मवाळ. सभेत तोंड उघडायचे ते चहापुरतं. त्यांनी कागद एकदा पुढून बघितला, एकदा मागून. पिसाळसाहेब त्यांच्याकडं रोखून बघत होते. सर टेबलाकडं बघून बोलले.

“मागचे.”

दोशीकाका म्हणाले, “बाई, लिहा. विषय चौथा. मागल्या बाजूची यादी मंजूर.”

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, पण तेवढी ओळ मी जरा जास्तच टपोरी काढली.

सहावा विषय ‘पुढील सभेपर्यंत तहकूब’ असा लिहिला गेला, तोही माझ्याच हातानं. पुढच्या सभेत तो आला नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. पिसाळसाहेब वर्षभरात सेक्रेटरीपदावरून गेले, पण त्यांची माणसं राहिली. मी सीनियर क्लार्क म्हणूनच रिटायर झाले. वाईट वाटलं का? वाटलं. निरोपसमारंभाच्या दिवशी पाटीवर ते पद वाचताना जास्तच वाईट वाटलं. पण त्या शनिवारी मी घरी जाऊन भाकरी केल्या, त्या एकजात फुगल्या होत्या. सासूबाईंनी दोनदा मागून घेतल्या.

सोमवारी शर्मिला पेढ्यांचा पुडा घेऊन आली. नेमणुकीचा आदेश मी टाइप करून ठेवला होता, कोऱ्या कागदावर, वरच्या ट्रेमधून. शनिवारी सभेत काय झालं ते सभेच्या बाहेर जायचं नाही असं दोशीकाकांनी बजावलं होतं. त्यामुळं गावात वेगळंच पसरलं होतं.

“बाई,” ती म्हणाली, “सगळे म्हणतात अध्यक्षांनी माझ्यासाठी जोर लावला. कुणी म्हणतं तुम्ही शब्द टाकलात. माझे मालक म्हणाले, कुणाचे उपकार आहेत ते विचारून ये, त्यांच्या पाया पड. आपण फुकटचं घ्यायचं नाही.”

आणि खरंच वाकायला लागली. मी तिचे दंड धरले.

“उभी राहा आधी. कुणी जोर लावला नाही आणि कुणी शब्द टाकला नाही. मुलाखतीत तुझा पहिला नंबर होता. एक्याऐंशी गुण. दुसरा तुझ्या जवळपाससुद्धा नव्हता.”

ती माझ्याकडं बघतच राहिली.

“पहिला?”

“पहिला.”

तिनं खुर्चीची पाठ धरली. पेढ्यांचा पुडा टेबलाच्या कडेला कलला, तो मी सरळ केला. डोळे तिचे भरून आले होते, पण आवाज स्वच्छ होता.

“मंगळवारी घरी जाऊन मी म्हटलं होतं बाई, पाठ फार चांगला झाला म्हणून. पोरं तास संपला तरी उठंनात. कुणी खरं मानलं नाही. म्हणाले, चार वर्षांत घेतलं नाही ते आता काय घेणार. आणि गुरुवारी विक्रांतचं नाव कानावर आलं तेव्हा...” ती थांबली. “तेव्हा मी पण मानायचं सोडून दिलं. म्हटलं, मलाच वाटलं असेल चांगला झाला असं.”

मी आदेशाचा कागद तिच्यापुढं सरकवला, पेन दिलं आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं.